दोन डिझेलगाड्यांतली एक

वापरलेली गाडी एका रेल्वेकडून दुसऱ्या रेल्वेकडे जाते तेव्हा मधल्या माणसाला कुणीच चांगलं म्हणत नाही. देणाऱ्याला वाटतं, आमची गाडी पळवली. घेणाऱ्याला वाटतं, भंगार आमच्या गळ्यात मारलं. आमच्या परळच्या कारखान्याकडे हे मधलं काम होतं. देणाऱ्याकडून गाडी आणायची, खोलायची, दुरुस्त करायची, रंगवायची आणि घेणाऱ्याच्या माणसाची सही झाली की रवाना करायची. त्या वर्षी ते माझ्या वाट्याला आलं.

मी कारखान्यात इंजिनीयर आहे. जन्म परळच्याच चाळीतला. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाले, आता ते नाहीत. चाळीच्या जागी उंच इमारत झाली आणि आई आणि मी तिच्यात वरच्या मजल्यावर राहतो. आईला लिफ्ट आवडत नाही, पण तिथून कारखान्याचं छप्पर दिसतं म्हणून ती येणाऱ्याजाणाऱ्याला खिडकीशी नेते आणि सांगते, "ते बघा, माझी मुलगी तिथं असते."

घाटमाथ्यावरच्या एका शाखेवर डिझेलच्या तीन गाड्या चालायच्या. या गाड्यांना पुढे वेगळं इंजिन नसतं. दोन टोकांच्या डब्यांतच इंजिनं बसवलेली असतात आणि मधले डबे माणसांचे. त्या शाखेवर विजेच्या तारा आल्या, शेवटचा थोडा तुकडा तेवढा राहिला. त्या तुकड्यासाठी एक गाडी ठेवून बाकीच्या दोन ईशान्येकडच्या एका रेल्वेला द्यायच्या, असं वर ठरलं. तिकडे डोंगरात एका मार्गावर अजून तारा पोचल्या नव्हत्या आणि असलेली गाडी पार थकली होती.

दोन्ही गाड्या दुसऱ्या इंजिनाला जोडून ओढत परळला आणल्या. आम्ही त्या खोलायला घेतल्या आणि पहिल्याच दिवशी माझ्या हाताखालचा फिटर डब्याखालून बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, सगळं काढून घेतलंय. फक्त गाडीचा नंबर आपल्याकडे पाठवलाय."

तो वाढवून सांगत नव्हता. चांगल्या बॅटऱ्यांच्या जागी फुगलेल्या बॅटऱ्या होत्या. मधल्या डब्यांतली बाकं वेगवेगळ्या काळातली, एकाचा पाय दुसऱ्याला. आणि मुख्य म्हणजे कॉम्प्रेसर. ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा कॉम्प्रेसर भरतो. तो दमला की गाडी जागच्या जागी खिळते. दोन गाड्यांत मिळून चार कॉम्प्रेसर. त्यातला एक धड, एक कामचलाऊ आणि दोन कुठल्या तरी जुन्या गाडीचे, घासून गुळगुळीत झालेले.

गाडी द्यायची वेळ आली की ती सांभाळणारे डेपोवाले असं करतात, हे रेल्वेत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही.

मी साहेबांकडे गेले. साहेब ठाकूरद्वारच्या जुन्या घरातले. आवाज कधी चढवायचे नाहीत, हाताखालच्या सगळ्यांना अहोजाहो करायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"नवे कॉम्प्रेसर मागवा," ते म्हणाले.

"ते बनवणंच बंद झालं, सर. मागवले तरी यायला वर्ष जाईल."

"मग आहेत तेच दुरुस्त करा. हे बघा मॅडम, आपल्याला दोन गाड्या पाठवायच्यात. कशा, ते तुम्ही बघा. पण दोन."

आम्ही जे जमेल ते केलं. बॅटऱ्या नव्या मिळाल्या, बाकं एकसारखी केली. कॉम्प्रेसर उघडून, झिजलेले भाग घडवून पुन्हा बसवले. दुसऱ्या गाडीचे दोन्ही कॉम्प्रेसर चालू झाले, हवाही भरू लागले. पण त्यांचा आवाज मला आवडत नव्हता.

मग घेणाऱ्या रेल्वेचा माणूस आला. पन्नाशीचा, बुटका, अंगाने भरलेला, अगदी हळू बोलणारा. आधी तो गाडी चालवायचा, पुढे गाड्या तपासणारा इन्स्पेक्टर झाला. त्याची उतरण्याची सोय वडाळ्याला रेल्वेच्या खोलीत केली होती. रोज सकाळी तो तिथून चालत यायचा. त्याची हिंदी आमच्या मुंबईच्या हिंदीपेक्षा वेगळी, पण दोघांनाही समजायची. पहिल्या दिवशी माझ्या टेबलासमोर बसला आणि म्हणाला, "मी सही करणारा माणूस आहे, म्हणून सगळे मला चहा पाजतात. आज सकाळपासून चार कप झाले. आता गाडी दाखवा."

मी त्याला शेडमध्ये घेऊन गेले. तो वाकून बघायला लागला, त्याच्या आधीच मी म्हणाले, "दुसऱ्या गाडीचे कॉम्प्रेसर मूळचे नाहीत. डेपोने बदलून पाठवलेत. आम्ही दुरुस्त केलेत, पण किती टिकतील सांगता येत नाही."

त्याने वळून माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही मला का सांगताय?"

"तुम्ही शोधलंच असतं."

"शोधलं असतं. आठवडा लागला असता." तो हसला. "माझा आठवडा वाचवलात, बाइदेउ."

बाइदेउ म्हणजे त्यांच्याकडे ताई. त्या दिवसापासून तो मला तेच म्हणायला लागला आणि मी त्याला दादा.

दुपारी डबा खाताना मी त्याला त्याच्या मार्गाबद्दल विचारलं. तो म्हणाला, सकाळी एक गाडी खोऱ्यातून खाली जाते आणि संध्याकाळी वर येते. बस, एवढंच. रस्ता आहे, पण पावसाळ्यात तो दरवर्षी कुठे ना कुठे वाहून जातो. मग दवाखाना, बाजार, परीक्षा, सगळं त्या एका गाडीवर. चढण मोठी आणि बोगदे खूप.

"हवा गेली की गाडी थांबते, हे चांगलंच आहे," तो म्हणाला. "नाहीतर उतारावर घसरली असती. पण आमची थांबते ती बोगद्यात. एकदा एक बाळंतीण होती आत. आम्ही तिला खुर्चीवर बसवून बोगद्याबाहेर उचलून आणलं. बाळ बरं आहे. आता शाळेत जातं. पण मला पुन्हा खुर्ची उचलायची नाही."

पहिली गाडी तपासून झाली. तिचा एक कॉम्प्रेसर कामचलाऊ होता, तेवढी नोंद करून त्याने ती बाजूला ठेवली. दुसरी चालवून बघायची होती. मोठ्या लाइनवर दिवसा वेळ मिळेना, म्हणून आधी बंदराकडे जाणाऱ्या जुन्या मालगाडीच्या लाइनवर ती हळू चालवून बघायचं ठरलं. ही लाइन वडाळ्याच्या यार्डातून निघते आणि कॉटन ग्रीनच्या गोदामांमधून, ट्रकांच्या गर्दीतून, रस्ते ओलांडत जाते. आम्ही एका सकाळी निघालो. नवा कोरा निळा रंग, पुसलेल्या काचा. गोदामाच्या दारातले हमाल पाठीवरचं ओझं तसंच ठेवून बघत होते. एकाने ओरडून विचारलं, "ओ, ही पॅसेंजर कुठं चालली? इथं स्टेशन हाय का?"

दादा हसून त्याला हात करत होता आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. कॉम्प्रेसर आधी खरवडल्यासारखा झाला, मग त्याने दोन आचके दिले आणि बंद पडला. दुसऱ्या टोकाच्या कॉम्प्रेसरवर सगळा भार आला. हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा उतरायला लागला आणि थोड्या वेळाने दुसराही बसला. ब्रेक लागले. गाडी उभी राहिली ती नेमकी रस्त्यावर. फाटकाच्या दोन्ही बाजूंना ट्रक आणि मधोमध आमची निळी गाडी.

पहिल्यांदा हॉर्न. मग शिव्या. मग लोक खाली उतरून आमच्याकडे आले. सगळ्यात पुढे एक टेम्पोवाला. त्याच्या टेम्पोत बर्फाच्या लाद्या होत्या, वर गोणपाट टाकलेलं आणि मागून पाण्याची धार लागलेली.

"ओ मॅडम," तो म्हणाला, "तुमची गाडी हलेपर्यंत माझं पाणी होईल. धक्का मारू का आम्ही सगळे?"

"धक्क्याने नाही हलणार. ब्रेक लागलेत."

"मग सोडा ना ब्रेक!"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. दर डब्याखाली हवा सोडायची एक तार असते, ती ओढली की त्या डब्याचा ब्रेक मोकळा होतो. यार्डातून शंटिंगचं इंजिन मागवलं होतं, पण ब्रेक सोडल्याशिवाय त्यालाही गाडी ओढता आली नसती. मी एका बाजूने खाली वाकले, दादा दुसऱ्या बाजूने. तो पाहुणा होता आणि त्याने हे करायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलंही, "दादा, तुम्ही बसा." तो डब्याखालूनच म्हणाला, "बसून काय बघू? बर्फ?"

इंजिन आलं, गाडी मागे ओढली, फाटक मोकळं झालं. जाता जाता टेम्पोवाल्याने थांबून बर्फाचा एक मोठा तुकडा फोडला आणि दादाच्या हातात दिला. दादाने तो रुमालात गुंडाळून मानेवर ठेवला. आम्हा दोघांचेही कपडे काळे झाले होते. आम्ही यार्डापर्यंत त्याच बंद गाडीत बसून गेलो.

"दुसरीवर मी सही करणार नाही," तो म्हणाला.

"करू नका," मी म्हणाले.

कारखान्यात पोचेपर्यंत ही बातमी आमच्या आधी पोचली होती. साहेबांनी मला एकटीला बोलावलं. कार्यक्रम ठरला होता. वरून मोठे अधिकारी येणार, दोन्ही गाड्यांना झेंडा दाखवणार. घेणाऱ्या रेल्वेच्या वरिष्ठांनाही दोन गाड्या हव्या होत्या, कारण त्यांनीही त्यांच्या वर तसं कळवलं होतं. त्यांनी दादाला फोन करून सही करून टाक म्हणून सांगितलंसुद्धा होतं. हे मला साहेबांनीच सांगितलं.

"तुम्ही डेपोत जा," साहेब म्हणाले. "मूळचे कॉम्प्रेसर घेऊन या. पत्रं लिहून काही होत नाही. तिथले प्रमुख तुमच्या ओळखीचे आहेत ना?"

ओळखीचे म्हणजे त्या सरांनीच मला शिकवलं होतं. मी शिकाऊ असताना ते परळला होते. इंजिनाच्या अंगावर हात ठेवून ताप कसा ओळखायचा, ते मला त्यांनी दाखवलं. तेव्हा कारखान्यात बायका फार नव्हत्या. मला कुणी काही बोललं तर ते म्हणायचे, "ती माझ्याकडे शिकतेय, काय ते मला सांगा." त्यांच्याकडे जाऊन मला चोरीचा माल मागायचा होता. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते.

त्यांनी डेपोच्या दारातच मला बघितलं. "ये बाळ. कॉम्प्रेसर मागायला आलीस ना?"

"काढलेत म्हणून मागायला आले."

"काढलेत. नाही कशाला म्हणू? चहा घे आधी."

चहा झाल्यावर ते मला कार्यालयात घेऊन बसले नाहीत. म्हणाले, चल, एक फेरी मारून येऊ. त्यांच्याकडे उरलेली तिसरी गाडी फलाटावर उभी होती. आम्ही तिच्यात बसलो. तो तिकडच्या बाजाराचा दिवस होता. टोपल्या, कोंबड्या, दुधाचे कॅन, कॉलेजच्या मुली. एक म्हातारी आमच्यासमोर बसली होती. तिने मेथीची जुडी निवडत निवडत सरांना विचारलं, "ही बी नेणार का वो तुमी?"

"नाही आजी. तारा येईपर्यंत नाही."

"तारा कधी येणार?"

"येतील."

शेवटच्या स्टेशनात गाडी रिकामी झाली. सर खाली उतरले आणि मला टोकाच्या डब्याशी घेऊन गेले. खाली एक कॉम्प्रेसर होता, स्वच्छ, शांत चालणारा. दुसऱ्या टोकालाही तसाच. त्यांनी पान्यांची पेटी मागवली आणि माझ्यासमोर उघडली.

"काढ," ते म्हणाले. "मी तुला अडवणार नाही. माझ्याकडे सुटे भाग येणं बंद झालंय. एका गाडीसाठी कोण पाठवतो? ही गाडी तारा येईपर्यंत रोज चालायला हवी, एवढंच मी बघितलं. तिकडे काय होईल ते नाही बघितलं. तुझ्यावर आलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण काढायचे तर तू काढ. मी माझ्या हाताने नाही काढणार."

मी खूप वेळ त्या पेटीकडे बघत राहिले. मला राग आला होता, त्यांचा आणि साहेबांचाही. बोगद्याची आणि खुर्चीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी ती नीट ऐकली आणि मान हलवली. पण पेटी तशीच उघडी ठेवली.

मी पाना घेतला नाही. आम्ही त्याच गाडीने परत आलो. निघताना ते एवढंच म्हणाले, "दोन आजारी पाठवण्यापेक्षा एक धडधाकट पाठव. मी तुझ्या जागी असतो तर तेच केलं असतं." मी रागातच होते, तरी ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तसं ते आधीपासूनच माझ्या डोक्यात होतं. ते त्यांच्या तोंडून आलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. साहेब, दादा आणि मी.

"दिले नाहीत का त्यांनी?" साहेबांनी विचारलं.

"देत होते, सर. मी घेतले नाहीत. त्यांची एकच गाडी उरलीय. ती बंद पडली तर तिकडच्या लोकांना काहीच नाही."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी तुम्हाला कशासाठी पाठवलं होतं?"

"दोन गाड्यांचं चांगलं सामान एका गाडीत घालू. एक गाडी अशी करू की तिला कुणी नाव ठेवणार नाही. दुसरी इथेच राहू दे."

"आणि वर काय सांगू? दोन सांगितल्या होत्या, एक झाली?"

दादाने खुर्ची पुढे ओढली. तो म्हणाला, "साहेब, आमच्या लोकांनी दोन मागितल्या होत्या. आता मी एक मागतोय. माझ्या साहेबांशी मी बोलतो. ते मला ओरडतील, पण मी त्यांच्यापासून खूप लांब आहे."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी लपवलं. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. "बरं, कामाला लागा," एवढंच म्हणाले. आम्ही त्याचा अर्थ आम्हाला हवा तसा घेतला. आता विचार केला की वाटतं, आम्ही तो तसाच घ्यावा म्हणून ते तसं बोलले असावेत. पण हे मी त्यांना कधी विचारलं नाही आणि ते विचारण्यासारखे साहेब नव्हतेच.

पुढचे दिवस शेडमध्ये मजेत गेले. कामगारांना दोन गाड्यांचं रडगाणं नको झालं होतं. एक गाडी नीट करायची म्हटल्यावर त्यांच्यात उत्साह आला. कुणी दरवाजे सुधारले, कुणी पंखे. धड कॉम्प्रेसर एका टोकाला गेला. दुसऱ्या टोकासाठी आम्ही उरलेल्या तिघांतले चांगले भाग निवडून एक नवा जुळवला आणि तो इतका वेळ चालवून बघितला की शेवटी फिटर म्हणाला, "मॅडम, आता हा इथंच रिटायर होईल. पुरे." दादा सगळ्यांबरोबर खाली बसून काम करायचा. कर्जतपर्यंतची चाचणी झाली, गाडी न थांबता गेली आणि आली.

त्या रविवारी मी दादाला घरी जेवायला बोलावलं. आईने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. पाहुण्याला मटण करायचं ती म्हणत होती, पण त्यानेच मला आदल्या दिवशी विचारलं होतं की तुमच्याकडे सुकी मासळी मिळते का. तेव्हा आईने सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली. तो आला, चपला बाहेर काढल्या, आत आला आणि कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर एकदम गुडघ्यांवर बसला. तीन वेळा वाकला. आम्ही दोघी बघतच राहिलो. तो तिकडच्या एका लहानशा बौद्ध समाजातला आहे, हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आई त्याच्या शेजारी बसली आणि त्रिसरण म्हणायला लागली. तोही म्हणायला लागला. शब्द तेच, पण त्याचा सूर वेगळा, शेवट लांबवलेला, मधले उच्चार निराळे. दोन ओळी एकमेकांत अडखळल्या. मग आई थांबली आणि तिने त्याला पुढे म्हणू दिलं. संपल्यावर ती हात जोडून म्हणाली, "जयभीम." त्याने ते पहिल्यांदाच ऐकलं असावं. तो म्हणाला, "जयभीम, माँ."

"तुमच्याकडे धम्म किती पिढ्यांपासून?" आईने विचारलं. तिची हिंदी म्हणजे मराठीला थोडं ओढून लांब केलेलं. मी भाषांतर केलं.

"आठवणीच्या पलीकडे," तो म्हणाला. "आणि तुमच्याकडे?"

"माझ्या सासऱ्यांपासून," आई म्हणाली. ती ताठ बसली होती. "आम्ही समजून उमजून घेतला."

तो जरा विचार करून म्हणाला, "मग तुमचं मोठं. आम्हाला तर आयता मिळाला."

आईला हे इतकं आवडलं की तिने त्याच्या ताटात आणखी दोन भाकऱ्या वाढल्या. जेवताना तो त्याच्या घरी पानात बांधून भात कसा देतात ते सांगत होता आणि बोंबलाचं कालवण भाकरीने पुसून खात होता. निघताना आईने त्याला सुक्या बोंबलांची एक पिशवी बांधून दिली. "गाडीत वास येईल," मी म्हणाले. "त्याचीच गाडी आहे," आई म्हणाली.

झेंड्याचा कार्यक्रम झाला. एक गाडी पुढे, फुलांच्या माळा लावलेली. दुसरी मागच्या रुळावर तशीच निळी, कोरी, उभी. फोटोत दोन्ही आल्या. फोटो बघणाऱ्याला दोन गाड्या निघाल्यासारखंच वाटेल. भाषणात आकडा कुणी उच्चारला नाही. साहेब मागच्या रांगेत उभे होते आणि टाळ्या वाजवत होते.

गाडी स्वतःच्या इंजिनावर एवढ्या लांब पाठवत नाहीत. ती वडाळ्याच्या यार्डात मालगाडीमागे जोडली गेली. बरोबर दादा आणि त्याच्या रेल्वेचे दोघे, डब्यातच राहणार, डब्यातच स्वयंपाक. मी पोचवायला गेले होते. त्याने आतल्या बाकांना दोरी बांधून कपडे वाळत घातले होते. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता. आम्ही हात केले. दुसरं काही घडलं नाही.

महिन्याभरात माझी बदली चाकांच्या विभागात झाली. तिथे काम चांगलं असतं, पण शिकायचं नवं फार नसतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, "तुम्हाला जरा शांत काम हवं होतं ना?" मी तसं कधी म्हणाले नव्हते. मला वाईट वाटलं आणि बरेच दिवस वाटत राहिलं. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चाकं म्हणजे खालचं काम का? चाकं नसली तर काय उडत जाणार आहे?" तिला ते समजलं नव्हतं की समजून तिने तसं म्हटलं, मला ठरवता आलं नाही. पुढे साहेब निवृत्त झाले. जायच्या दिवशी ते चाकांच्या विभागात आले, माझ्या टेबलाशी बसून एक कप चहा प्यायले, गिरगावातल्या त्यांच्या घराच्या दुरुस्तीबद्दल बोलले आणि गेले.

दुसरी गाडी अजून काही काळ यार्डात उभी होती. तिचा रंग उडाला. पुढे तिच्या एका डब्यात शिकाऊ मुलांचा वर्ग भरायला लागला, बाकीचे डबे मोडीत गेले.

घाटमाथ्यावर तारा अपेक्षेपेक्षा लवकर पोचल्या. सरांचा फोन आला. "बाळ, माझे दोन्ही कॉम्प्रेसर आता रिकामे झाले. तिकडे हवे आहेत का?" मी दादाला विचारलं. त्याने फोनवरच आरडाओरडा केला, इतका की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन्ही कॉम्प्रेसर पार्सलने त्याच्याकडे गेले. पाठवायचं सगळं सरांनी स्वतः बघितलं. नंतर त्या दोघांची फोनवर ओळख झाली आणि आता ते माझ्याशिवायच एकमेकांशी बोलतात. काय बोलतात, मला माहीत नाही. एकाला हिंदी नीट येत नाही आणि दुसऱ्याला मराठी अजिबात येत नाही.

मागच्या पावसाळ्यात तिकडचा रस्ता पुन्हा वाहून गेला. दादाने सांगितलं की आठवडाभर खोऱ्यातलं सगळं येणंजाणं त्या गाडीनेच झालं. ती बोगद्यात थांबली नाही. एकदा थांबली, पण ती रुळावर झाड पडलं म्हणून, आणि तेही बोगद्याच्या अलीकडे.

आई तिकडे जाऊ म्हणत होती. त्याच्या गावचा विहार बघायचा होता तिला. पण गुडघे आता साथ देत नाहीत आणि एवढा प्रवास तिला झेपणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. एका सकाळी दादाने तिला व्हिडिओ कॉल केला. तो त्यांच्या स्टेशनावर होता. मागे हिरवा डोंगर, खाली ओला फलाट, आणि गाडी यायची वेळ झालेली. माणसं छत्र्या घेऊन उभी होती. गाडी आली, दारं उघडली, लोक उतरले आणि चढले. आई फोन डोळ्यांशी धरून बघत होती.

"निळा रंग दिसत नाही," ती म्हणाली.

"त्यांनी हिरवा दिला, आई. त्यांच्या रेल्वेचा."

"बरा दिसतो," आई म्हणाली. मग तिने फोन तोंडाजवळ घेऊन मोठ्याने विचारलं, "बेटा, जेवण झालं का तुझं?"